टाळीला घाबरू नकोस

अगं, एन.सी.पी.ए.मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या सीझनची शेवटची मैफल, त्यात पाहुणा व्हायोलिनवादक, तिकीट हातात, आणि तू विचारतेस ‘जाऊ का नको?’ जाच. ‘मला त्यातलं काही कळत नाही’ हे मी ऐकून घेणार नाही. बंदिश ऐकताना समेवर तुझी मान आपोआप हलते ना? मग झालं तर.

तुझी खरी भीती मला ठाऊक आहे. भलत्याच जागी टाळी वाजली तर? माझी वाजली होती. पहिला भाग संपला, मला राहवलं नाही, आणि अख्ख्या सभागृहात टाळी माझी एकटीची. शेजारच्या बाईंनी वळून पाहिलं. पुढचा अर्धा तास मी स्वतःला बोल लावत बसले, वाजत होतं ते कानात शिरलंच नाही. त्या टाळीचं मला आता काही वाटत नाही, पण वाया गेलेल्या त्या अर्ध्या तासाची हळहळ अजून आहे.

मागाहून वाचलं, १८१३ साली व्हिएन्नात बीथोव्हनची सातवी सिंफनी पहिल्यांदा वाजली, तेव्हा लोकांनी तिचा दुसरा भाग तिथल्या तिथे पुन्हा वाजवायला लावला. आपल्या संगीत नाटकातला ‘वन्स मोअर’च की तो! मधे टाळी न देण्याचा रिवाज पुष्कळ नंतरचा. आज तो पाळायचा, कारण दोन भागांमधली शांतताही कुणीतरी ऐकत असतं. कंडक्टरचे हात पूर्ण खाली येईपर्यंत थांब, इतकंच.

आता कार्यक्रमातल्या बीथोव्हनच्या व्हायोलिन कॉन्चेर्तोबद्दल सांगते. आधी ओबो एक सूर धरेल आणि सगळी वाद्यं त्याला मिळवून घेतील. आपल्याकडे तंबोरे जुळतात तेव्हा छातीत जे होतं, ते तिथेही होतं बघ. मग टिंपनीचे, म्हणजे त्या मोठ्या नगाऱ्यांचे, हलके ठोके. एकाच सुरावर, एकामागून एक. ते ठोके मनात धरून ठेव, पहिल्या भागात ते सारखे भेटतात, कधी व्हायोलिनांत, कधी अगदी दबक्या आवाजात.

आणि पाहुणा? तो तीनेक मिनिटं नुसता उभा असतो. त्याच्याकडे पाहा तेव्हा. सगळा ऑर्केस्ट्रा बोलून घेतो, मग तो खालून वर पायरी पायरीने चढत येतो, आणि माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो. पहिल्या भागाच्या शेवटाकडे ऑर्केस्ट्रा गप्प होतो आणि तो एकटा वाजवतो. त्याला कॅडेन्झा म्हणतात. या जागेसाठी बीथोव्हनने व्हायोलिनची कॅडेन्झा लिहूनच ठेवली नाही, त्यामुळे नंतरच्या व्हायोलिनवादकांनी रचलेल्या वाजवतात, कुणी योआखिमची, कुणी क्राइसलरची. १८०६ साली पहिल्यांदा वाजल्यावर ही रचना बरीच वर्षं अडगळीतच पडली होती. १८४४ मध्ये लंडनला याच योआखिमने ती वाजवली आणि लोकांना तिची खरी किंमत कळली. तेव्हा तो बारा वर्षांचा होता गं!

दुसऱ्या भागातून तिसरा थेट सुरू होतो, म्हणजे तिथे टाळीचा प्रश्नच नाही.

बाकी बारीकसारीक. उशीर करू नकोस, दारं बंद झाली की मध्यंतरापर्यंत बाहेर थांबावं लागतं. आत गारठा असतो, शाल घे. खोकल्यासाठी खडीसाखर रुमालात बांधून ने, चुरचुरणाऱ्या कागदातली गोळी नको.

आणि शेवटी गाडी पकडायला उठून पळू नकोस. हा ऑर्केस्ट्रा २००६ साली उभा राहिला, आणि आजही सीझनसाठी कितीतरी वादक परदेशातून येतात. शेवटच्या रात्रीनंतर ते आपापल्या देशी परततात. टाळ्या चालू असताना ते स्वरलिपीच्या एकाच स्टँडपुढे बसणाऱ्या जोडीदाराला मिठी मारतात, ते बघ. तेव्हा तूही उभी राहा आणि हात दुखेपर्यंत टाळ्या वाजव. चर्चगेटहून पुढची लोकल मिळेलच.