भाड्याचा आकडा आणि काळाचा हिशेब

॥ श्री ॥

मुंबई,
आषाढ शुद्ध दशमी

चि. माधवीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. मागणी व पुरवठा यांच्या रेषा जेथे छेदतात तेथे समतोल भाव ठरतो, आणि सरकारने त्याखाली कमाल भावाची मर्यादा घातली की तुटवडा होतो, एवढे पहिल्याच सत्रात शिकून 'मग सरकार असले कायदे करतेच कशाला?' असे तू मला विचारले आहेस. प्रश्न रास्त आहे. धोबी तलावाच्या लघुवाद न्यायालयात कधी घरमालकाचे तर कधी भाडेकरूचे वकीलपत्र घेण्यात ज्याची उमेदीची वर्षे सरली, त्याने त्याचे उत्तर मुंबईच्या भाडेनियंत्रणावरून दिले, तर तुझ्या प्राध्यापकांचीही हरकत नसावी.

कायद्याला नावे ठेवण्यापूर्वी तो कोणत्या प्रसंगी आला ते पाहावे. मुंबईत भाड्यांवर पहिले निर्बंध पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली आले. ते पुढे उठले, दुसऱ्या महायुद्धात पुन्हा आले. आणि १९४७ च्या कायद्याने जागेचे प्रमाण भाडे सर्वसाधारणपणे १ सप्टेंबर १९४० रोजी जे होते त्याच्याशी बांधून टाकले. युद्धापायी सिमेंट-लोखंडाची टंचाई, गिरण्या-गोदीत पोटासाठी येणाऱ्यांची रीघ आणि त्यातच फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित, अशा वेळी भाडे दुप्पट झाले म्हणून नवी चाळ लगोलग उभी राहत नाही. वाढीव रक्कम मालकाच्या पदरात पडते आणि ज्याला ती झेपत नाही त्याचे बिऱ्हाड रस्त्यावर येते. अर्थशास्त्रज्ञ मार्शलने १८९० च्या आपल्या ग्रंथात मूल्य हे कात्रीच्या दोन्ही पात्यांनी ठरते असे म्हटले, हे विद्यार्थी पाठ करतात. परंतु अल्प मुदतीत पुरवठा जवळजवळ स्थिर असतो व दीर्घ मुदतीत तो भावाला प्रतिसाद देतो, हे जे त्याने तितक्याच आग्रहाने सांगितले, ते बहुधा विसरतात. अल्प मुदतीच्या दृष्टीने तो कायदा माणुसकीचा होता आणि त्याची किंमतही फारशी नव्हती.

घोटाळा झाला तो पुढे. ठरावीक मुदतीसाठी केलेल्या कायद्याला मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत गेली आणि भाड्याचा आकडा मात्र जागचा हलला नाही. माझ्याकडे येणारा भाडेकरू सुतळीने बांधलेला पावत्यांचा जुडगा घेऊन येई; वरची पावती नवी, तळाची आजोबांच्या नावाची, आणि रक्कम दोहोंवर तीच. त्याचा मालक सांगे, की एवढ्या भाड्यात महापालिकेचा कर आणि झाडूवाल्याचा पगारही निघत नाही, तर सज्जाची सडलेली तुळई कशातून बदलू? तो खोटे बोलत नसे, आणि त्या सज्जाला लाकडी टेकू लावून त्याखालून मुले शाळेत पाठवणारी भाडेकरीणही खोटे बोलत नसे. आकडा जुनाच राहिला, परंतु त्या आकड्यात मिळणारी खोली वर्षागणिक खालावत गेली. म्हणजे भाव न वाढताही भाडेकरू अधिक मोजतच होता.

आणि भाव तरी खरोखर स्थिर होता काय? खोली सोडणारा येणाऱ्याकडून पागडी म्हणून एकरकमी रोकड घेई, आणि पावती नव्या माणसाच्या नावावर करून देण्यासाठी मालक तीतला साधारण तिसरा हिस्सा आपल्याकडे ठेवी. कायद्याने तो गुन्हा होता, तरी व्यवहार राजरोस चाले. ज्याच्यापाशी गाठीला रोकड नाही असा नवा संसार मांडणारा तरुण या हिशेबात कोठेच बसत नव्हता. माझ्या पेशाने मला शिकवलेली सर्वांत मोठी गोष्ट ही, की भाड्याच्या दाव्यात वादी मालक असतो, प्रतिवादी भाडेकरू असतो, पण ज्याला खोली मिळालीच नाही तो कधीच पक्षकार नसतो. त्याची कैफियत कोणी दाखल करीत नाही.

एका हस्तक्षेपातून दुसरा कसा निघतो तेही पाहा. इमारती ढासळू लागल्या तेव्हा १९६९ मध्ये उपकर बसवून दुरुस्ती मंडळ काढावे लागले. भाडेकरू ठेवण्याची धास्ती घेऊन मालक परवान्यावर जागा देऊ लागले, तर १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचे परवाने चालू होते त्यांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले. परिणामी, जागा देण्यापेक्षा कुलूप लावलेले बरे, असे अनेकांनी ठरवले. अखेर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी आता अवाजवी झाल्याचे नमूद केले, आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने दरसाल शेकडा ४ वाढ दिली व पागडीला मान्यता दिली. वीस रुपयांच्या भाड्याला ती वाढ लावून पाहा: २५ वर्षांनी ते सुमारे ५३ रुपये होते.

यावरून बाजारावर सारे सोपवावे असा निष्कर्ष मात्र घाईने काढू नकोस. बाजाराची मागणीची रेषा फक्त पैसे मोजू शकणाऱ्यांचीच नोंद घेते. १९२० नंतर सरकारने विकास खात्यामार्फत वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे स्वतः चाळी बांधल्या, म्हणजे भावाला हात न लावता पुरवठा वाढवला. तरीही वरळीच्या कित्येक खोल्या दीर्घकाळ रिकाम्या राहिल्या, कारण गिरणीकामगाराला गरज असली तरी ते भाडे आणि तेवढी पायपीट त्याला परवडत नव्हती. गरिबाला मदत करायची तर ती कोणाच्या खर्चाने आणि किती मुदतीसाठी, हे उघड मांडून करावी. साऱ्या समाजाचे कर्तव्य एकट्या मालकाच्या माथी मारले, की तो ते इमारतीच्या खांबांतून वसूल करतो.

म्हणून हमीभाव असो, निर्यातबंदी असो वा किमान वेतन, परीक्षेत रेषा अवश्य काढ, पण पुढे स्वतःला विचार की हा उपाय उद्या काय करील आणि वीस वर्षांनी काय करील. तूर्त एवढेच कर: १९४७ चा कायदा इतकी वर्षे चालू ठेवायला हवा होता की नाही, अशा काल्पनिक दाव्यात त्या तिसऱ्या, खोली न मिळालेल्या माणसाची कैफियत एका फुलस्केपवर लिहून मला पाठव. मी मालकाच्या बाजूने तिची उलटतपासणी घेईन. भाडेकरूची बाजू तुझ्या काकूकडे राहील, आणि ती सोपी नाही.

तीर्थरूप दादा-वहिनींस सा. नमस्कार सांगणे.

तुझा,
काका