मुलांच्या शारीरिक कौशल्यांचे मूल्यमापन : सप्रमाणता आणि विश्वसनीयता



तिसरीतल्या एका मुलीच्या नोंदवहीत मी एकदा शेरा लिहिला होता, "तोल सांभाळता येत नाही." पोलादपूर तालुक्यातल्या डोंगरावरच्या एका वाडीतली ही मुलगी. पंधरा दिवसांनी लावणीच्या हंगामात तिच्या वाडीवर गेलो. भाताच्या रोपांच्या मुठी डोक्यावर घेऊन ती निसरड्या बांधावरून सरळ चालत गेली. तिच्या मागून जाताना मी मात्र दोनदा घसरलो. मग प्रश्न पडला, मी मोजलं काय आणि लिहिलं काय?

डी.एड., बी.एड.ला आपण सगळ्यांनी दोन शब्द पाठ केलेत. आज ते मैदानावर तपासून पाहू.

दोन शब्दांचा अर्थ

सप्रमाणता म्हणजे जे मोजायचं ठरवलं, तेच मोजलं जातंय का? विश्वसनीयता म्हणजे तेच मूल, तीच चाचणी, पण दिवस दुसरा किंवा मोजणारा दुसरा असेल, तर निकाल साधारण तोच येतो का?

एक उदाहरण घ्या. 50 मीटर धावण्यासाठी आपण पावलांनी अंतर मोजलं आणि ते प्रत्यक्षात 46 मीटरच भरलं. रोज त्याच खुणांवर मुलं पळवली, तर निकाल दरवेळी सारखेच येतील. म्हणजे विश्वसनीयता आहे. पण ती वेळ 50 मीटरची नाहीच. दुसऱ्या शाळेशी किंवा ठरलेल्या तक्त्याशी तुलना केली की सगळी मुलं उगाच वेगवान दिसतील. उलट निकालच दरवेळी बदलत असेल, तर त्यावरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. म्हणून आधी विश्वसनीयता, पण तेवढ्यावर थांबायचं नाही.

माझ्या शेऱ्याचं काय चुकलं?

खेलो इंडियाच्या शारीरिक क्षमता चाचण्यांमध्ये 5 ते 8 वयोगटासाठी बीएमआय, फ्लेमिंगो तोल चाचणी आणि प्लेट टॅपिंग आहे. मोठ्या मुलांसाठी 50 मीटर धावणे, 600 मीटर धावणे किंवा चालणे, बसून पुढे वाकणे अशा चाचण्या आहेत. फ्लेमिंगोमध्ये अरुंद पट्टीवर एका पायावर उभं राहायचं आणि एका मिनिटात किती वेळा तोल जातो ते मोजायचं.

आमची पट्टी डुगडुगत होती. पावसानं व्हरांडा ओला होता. त्या मुलीनं हा प्रकार आयुष्यात पहिल्यांदा केला होता आणि सगळा वर्ग हसत होता. कोरड्या फरशीवर, थोडा सराव देऊन पुन्हा घेतली तेव्हा तोल जाण्याची संख्या निम्म्याहून खाली आली. ही झाली विश्वसनीयतेची चूक.

दुसरी चूक मोठी. ही चाचणी एका जागी स्थिर राहण्याचा तोल मोजते. बांधावरून चालताना लागतो तो हालचालीतला तोल. एक चांगला असला म्हणजे दुसरा चांगला असेलच असं नाही. चाचणी बरोबर होती, पण तिच्यावरून मी काढलेला निष्कर्ष चाचणीपेक्षा मोठा होता.

आपल्या भागातल्या अडचणी

महाड-पोलादपूरकडे सपाट मैदान मिळणं कठीण. उतारावर पळवलं की वेळ कमी लागतो, चढावर जास्त. छोट्या अंगणाची फेरी 40 मीटरची असेल, तर 600 मीटरसाठी 15 फेऱ्या होतात. मग दमाबरोबर वळण्याचं कौशल्यही मोजलं जातं.

पाऊस हा तर मोठाच परीक्षक! जुलैत ओल्या जमिनीवर पहिली चाचणी आणि जानेवारीत कोरड्या जमिनीवर दुसरी घेतली, तर 'प्रगती' दिसणारच. त्यात मुलाची प्रगती किती, वाढलेली उंची किती आणि वाळलेली जमीन किती?

महाराष्ट्रात 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात शारीरिक शिक्षणाचं मूल्यमापन आकारिक ठेवलं गेलं. म्हणजे चूक सावरायला लेखी पेपर नाही. आपली नोंद हाच निकाल. म्हणून जबाबदारी जास्त.

काय करता येईल?

1. अंतर टेपनेच मोजा आणि चुन्याची खूण दरवेळी त्याच जागी करा. जमीन, वेळ, पायात चप्पल की अनवाणी, हे नोंदवा.
2. चाचणीआधी सरावाची संधी द्या. सूचना सगळ्यांना एकाच शब्दांत सांगा.
3. आठ-दहा मुलांची चाचणी दोन शिक्षकांनी स्वतंत्र नोंदवा, मग ताडून पाहा. फरक आला तर नियम पुन्हा ठरवा.
4. त्याच मुलांची चाचणी आठवड्याभरात पुन्हा घ्या. दोन दिवसांत जेवढा फरक आपोआप पडतो, त्याहून कमी फरक सहा महिन्यांनी दिसला, तर त्याला प्रगती किंवा पीछेहाट म्हणू नका.
5. शेऱ्यात जे दिसलं तेच लिहा. 'तोल नाही' ऐवजी 'पट्टीवर एका पायावर उभे राहताना मिनिटात अमुक वेळा तोल गेला'.
6. खेळताना, झाडावर चढताना, उड्या मारताना मुलाला पाहा. चाचणी आणि निरीक्षण जुळत नसेल, तर पुन्हा तपासा.

पालकहो, तुमच्या हाती प्रगतिपुस्तक आलं की "हे कसं मोजलंत, गुरुजी?" असं जरूर विचारा. आम्हाला राग येता कामा नये. 'कमजोर' असा शेरा मिळालेलं मूल पुढच्या वेळी कबड्डीच्या संघासाठी हातच वर करत नाही. पेनानं लिहिलेला शेरा खोडता येतो, पण मुलाच्या मनात बसलेला खोडायला वेळ लागतो.

त्या मुलीच्या नोंदवहीतली ओळ मी खोडली, नवी नोंद लिहिली आणि तिच्या आईला वाचून दाखवली. तुमच्या वर्गातल्या जुन्या शेऱ्यांवरूनही या आठवड्यात एकदा नजर फिरवा.