घरगुती वर्णपटमापक : रचना व परीक्षा

दिनांक १८ ऑगस्ट १८६८ रोजी आपल्या भागातील जमखंडी येथून खग्रास सूर्यग्रहण दिसले. ते पाहण्यासाठी लेफ्टनंट जॉन हर्शेल तेथे वर्णपटदर्शक घेऊन आले होते. ढग क्षणभर विरळ झाले, तेव्हा सूर्याच्या कडेवरील ज्वाळांच्या प्रकाशात त्यांना तांबडी, नारिंगी व निळी अशा तेजस्वी रेषा दिसल्या. त्यांतील नारिंगी रेषा सोडियमची होय, असे त्यांनी मानले. त्याच वर्षी लॉकियर यांनी बारकाईने पाहून ती रेषा सोडियमच्या जागेपासून किंचित बाजूस असल्याचे दाखविले. ती हेलियमची होती. हे मूलद्रव्य पुढे १८९५ साली रॅम्झे यांना पृथ्वीवर सापडले.

सोडियमच्या रेषा ५८९.० व ५८९.६ नॅनोमीटरवर, तर हेलियमची ५८७.६ वर असते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षावा भाग. एवढ्याशा अंतरावर एका नव्या मूलद्रव्याचा शोध अवलंबून होता. म्हणून रंग दाखविणारे उपकरण आणि रंग मोजणारे उपकरण यांतील भेद विद्यार्थ्यांनी प्रथम ध्यानी घ्यावा.

रचना : थ्रीडी प्रिंटर हे यंत्र वितळलेल्या प्लास्टिकच्या धाग्याचे थरावर थर देऊन वस्तू घडविते. त्यावर काळ्या प्लास्टिकची झाकणाची पेटी, फटीची चौकट व कॅमेऱ्याची बैठक छापून घ्यावी. पातळ भिंतीतून प्रकाश झिरपतो, यास्तव आतून काळा कागद चिकटवावा. फट मात्र छापू नये, कारण यंत्राच्या तोंडातून निघणारा धागाच सुमारे ०.४ मिलिमीटर रुंद असतो. दाढीच्या पात्याचे दोन तुकडे धारेसमोर धार ठेवून, मध्ये वहीचा एक कागद धरून चिकटवावेत व मग कागद काढून घ्यावा. सुमारे ०.१ मिलिमीटरची सरळ फट तयार होते.

फटीपासून सुमारे वीतभर अंतरावर मिलिमीटरला १००० रेघांची विवर्तन-जाळी बसवावी. जाळीच्या रेघा फटीला समांतर हव्यात. या जाळीत दोन रेघांतील अंतर १००० नॅनोमीटर असल्यामुळे ५४६.१ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश सुमारे ३३ अंशांनी वळतो. संगणकाचा साधा कॅमेरा त्याच कोनात वळवून स्क्रूने घट्ट बसवावा. तो केसभर जरी हलला, तरी पूर्वीची सर्व मापे रद्द समजावीत.

परीक्षा : एलईडी दिव्याचा वर्णपट सलग असल्यामुळे तो येथे निरुपयोगी आहे. जुनी ट्यूबलाइट किंवा सीएफएल दिवा घ्यावा. त्यातील पाऱ्याच्या दोन रेषा, निळी ४३५.८ व हिरवी ५४६.१, ठळक दिसतात. सीएफएलमध्ये हिरवीच्या शेजारी, सुमारे ५४३ वर, टर्बियमचीही रेषा असते. या दोन वेगळ्या दिसल्या, तर फट चांगली साधली असे समजावे.

समजा, चित्रात निळी रेषा ३०२व्या व हिरवी ५७८व्या बिंदूवर आली. २७६ बिंदूंत ११०.३ नॅनोमीटर, म्हणजे दर बिंदूस सुमारे ०.४. आता वडीलधाऱ्या माणसाच्या देखत स्पिरिटच्या ज्योतीत मीठ धरावे. मिठाची पिवळी रेषा ६८२व्या बिंदूवर आली, तर हिशेबाने तिची तरंगलांबी सुमारे ५८७.७ ठरते. मग मिठात हेलियम आहे काय? मुळीच नाही. कोन आणि बिंदू यांचे प्रमाण सर्वत्र सारखे राहत नाही, म्हणून दोन रेषांवरून काढलेला हिशेब त्यांच्यापासून दूर गेल्यावर चुकतो. अशा वेळी तीन ज्ञात बिंदूंतून वक्र काढावा आणि पडताळा चौथ्या रेषेवर घ्यावा. सीएफएलमधील युरोपियमची सुमारे ६११ ची तांबडी रेषा त्यासाठी सोयीची आहे. ज्या रेषेवरून जुळणी केली, तिच्यावरच पडताळा घेणे म्हणजे उत्तर पाहून गणित तपासणे होय.

फट सूर्याकडे कधीही रोखू नये. उन्हातील पांढऱ्या कागदाचा प्रकाश पुरे.

अशा पेटीतून हेलियम व सोडियम यांचा निवाडा बहुधा होणार नाही. त्यात कमीपणा नाही. प्रयोगवहीत प्रत्येक आकड्यापुढे 'चूक दोन नॅनोमीटरपर्यंत संभवते' असे जो विद्यार्थी लिहील, त्याच्या आकड्यावर दुसऱ्याला विसंबता येईल. आपल्या संस्थेच्या शाळांतून ही पेटी जरूर तयार व्हावी, आणि तिच्या झाकणावर तिची मर्यादाही ठळक अक्षरांत लिहिलेली असावी.