घड्याळ कोणत्या मनगटावर? – ‘डावा-उजवा’ या पाठाविषयी

पहिली-दुसरीच्या वर्गात डाव्या-उजव्याची ओळख करून देताना बहुतेक शाळांतून एकच युक्ती योजिली जाते. “ज्या हाताने जेवतो तो उजवा,” असे मुलांकडून वदवून घेतले जाते. ग्रामीण बोलीत उजव्या हातास ‘जेवणा हात’ असे नावच आहे, त्यामुळे ही युक्ती मुलांस चटकन पटते. पुढे घड्याळवाचनाचा पाठ आला म्हणजे तिला जोड मिळते: “गुरुजींच्या ज्या हातावर घड्याळ आहे, तो डावा.” दोन्ही वाक्ये सोपी आहेत आणि बहुसंख्य मुलांच्या बाबतीत खरीही ठरतात. परंतु ज्या बालकाचा हात निसर्गतःच डावा चालतो, त्यास ती पहिल्याच दिवशी फसवितात. उत्तर चुकले म्हणून वर्ग हसतो, आणि आपल्या हातातच काही खोट आहे अशी त्या बालकाची समजूत होते.

दुसरीही एक अडचण आहे. वर्गाकडे तोंड करून उभ्या असलेल्या शिक्षकाचा डावा हात मुलांच्या उजव्या बाजूस येतो. सबब हा पाठ घेताना शिक्षकाने मुलांकडे पाठ करून हात वर करावा. घड्याळाचा उपयोगही अवश्य करावा, परंतु खूण म्हणून नव्हे. ‘घड्याळ डाव्याच मनगटावर का?’ असा प्रश्न म्हणून करावा.

या प्रश्नाचे उत्तर घड्याळाच्या रचनेतच आहे. चावीचे जुने घड्याळ मिळाल्यास ते वर्गात आणावे. त्याची चावी तबकडीच्या उजव्या अंगास, तीनच्या आकड्यापाशी असते. असे घड्याळ रोज चावी देऊनच चालत असे. ते डाव्या मनगटावर बांधले म्हणजे चावी बोटांच्या दिशेस येते आणि मोकळ्या उजव्या हाताच्या चिमटीने सहज फिरविता येते. उजव्या मनगटावर बांधल्यास तीच चावी कोपराकडे जाते. ती फिरविण्यास हात वेडावाकडा करावा लागतो, नाहीतर घड्याळ उतरवावे लागते. मुलांनी हे स्वतः करून पाहावे, सांगून भागत नाही. दुसरे कारण कामाचे. कुऱ्हाड, हातोडा, विळा जो हात चालवितो त्यास धक्के अधिक बसतात. काच जपावयाची तर घड्याळ दुसऱ्या हातावर असलेले बरे. म्हणजे घड्याळाचे नाते ‘डाव्या’ हाताशी नसून कमी राबणाऱ्या हाताशी आहे, आणि पाठाचा गाभा हाच होय.

मनगटावर घड्याळ बांधण्याची चाल फार जुनी नाही. युरोपात पुरुष साखळीचे घड्याळ खिशात ठेवीत आणि मनगटी घड्याळ हा स्त्रियांचा अलंकार समजला जाई. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात (१८९९–१९०२) आणि विशेषतः १९१४ च्या पहिल्या महायुद्धात सैनिकांस हात गुंतलेले असतानाही वेळ पाहणे भाग पडले, तेव्हा ही चाल पुरुषांत रुळली. आपल्या देशात एच.एम.टी. या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळुरू येथे मनगटी घड्याळे बनविण्यास आरंभ केला, आणि पुढे ती खेडोपाडी पोहोचली. लग्नात जावयास घड्याळ देणे हा तर मानाचा (आणि वधूपित्याच्या खिशास जाचाचा) विषय होऊन बसला. आजच्या घड्याळांस सेल असतो, चावी द्यावी लागत नाही. तरी वेळ लावण्याची कळ बहुधा उजवीकडेच राहिली आहे.

या पाठास निरीक्षणाची जोड द्यावी. बाजाराच्या दिवशी किंवा एस.टी. स्थानकावर चौथीच्या मुलांनी मोठ्या माणसांची, अर्थात त्यांस विचारूनच, दोन प्रकारची नोंद करावी: घड्याळ कोणत्या मनगटावर, आणि लिहिण्याचा वा कामाचा हात कोणता. शिंपी, दुकानदार, वाहक, आरोग्यसेविका अशी निरनिराळ्या कामांची माणसे निवडावीत. नोंदीवरून वर्गात कोष्टक करावे. काही उजवे लोक केवळ सवयीने वा हौसेने उजव्या मनगटावर घड्याळ बांधतात, काही स्त्रिया बांगड्यांच्या सोयीने हात ठरवितात, हेही त्यात दिसून येईल. नियमास अपवाद असतात, हे मुले येथे स्वतःच्या नोंदीवरून शिकतात. पुस्तकातील तयार कोष्टकातून ते इतके पटत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जगात सुमारे शंभरात दहा माणसे डावखुरी असतात. तीस मुलांच्या वर्गात अशी दोन-तीन असावयाची, कधी एकही नसेल, कधी पाच असतील. हा कल मेंदूच्या रचनेशी निगडित असून त्याची चिन्हे गर्भावस्थेतही दिसतात. तो हट्ट नव्हे, वाईट वळणही नव्हे. मुलाचा हात ओळखण्यास एकच काम पाहू नये. चेंडू फेकणे, चित्र काढणे, डबीचे झाकण उघडणे, केस विंचरणे अशी चार-पाच कामे सहजगत्या करवून पाहावीत. सचिन तेंडुलकर उजव्या हाताने फलंदाजी करीत, पण लिहितात डाव्या हाताने, हे उदाहरण मुलांस फार आवडते.

‘सवयीने हात बदलतो, मग लहानपणीच का बदलू नये?’ असे काही शिक्षक विचारतात. या संदर्भात गांधीजींचे उदाहरण दिले जाते. १९०९ साली लंडनहून आफ्रिकेस परतताना जहाजावर ‘हिंद स्वराज्य’ लिहीत असता उजवा हात थकला, तेव्हा त्यांनी काही पाने डाव्या हाताने लिहिली. परंतु ते प्रौढ माणसाने आपखुशीने केलेले काम होते. पाच वर्षांच्या बालकाच्या बोटांवर पट्टी मारून हात बदलविणे याची त्याशी तुलना होत नाही. (डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनास आलेले गांधीजी मनगटी घड्याळ वापरीत नसत. त्यांचे घड्याळ कमरेस लटकत असे, ही गोष्टही या पाठात सांगण्याजोगी आहे.) शिवाय २००९ च्या शिक्षणहक्क अधिनियमाच्या कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस मनाई आहे.

शिक्षकाने करावयाचे ते थोडकेच आहे. आपली लिपी डावीकडून उजवीकडे जाते, त्यामुळे डावखुऱ्या मुलाचा हात लिहिलेल्या अक्षरांवरून फिरतो. पाटीवरील अक्षर पुसते, वहीवर शाई फासली जाते. ते अक्षर पाहून ‘गबाळे’ असा शेरा देणे अन्यायाचे आहे. अशा मुलाची वही शरीराच्या मध्यापासून किंचित डावीकडे ठेवावी आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने थोडी तिरपी करावी, म्हणजे वहीचा वरचा डावा कोपरा वर जातो. पेन्सिल टोकापासून सुमारे तीन सेंटिमीटर वर धरण्यास शिकवावे, म्हणजे लिहिलेले अक्षर त्यास दिसते व हात ओळीखाली राहतो. बसकरपट्टीवर त्यास रांगेच्या डाव्या टोकास बसवावे, नाहीतर शेजाऱ्याच्या कोपराशी त्याचे कोपर सतत भिडते आणि भांडणाचा दोष त्याच्याच माथी येतो. हस्तव्यवसायाच्या तासास नेहमीची कात्री त्याच्या डाव्या हातात नीट कापत नाही. तिची पाती उजव्या अंगठ्याच्या दाबाने मिटावीत अशी बसविलेली असतात, डाव्या हातात ती विलग होतात व कागद मुडपतो. डाव्या हाताची कात्री बाजारात मिळते. ती नसेल तर कापण्याचे काम जोडीदारास द्यावे, चिकटविण्याचे त्यास.

पालकांशी बोलताना जेवणाचा प्रश्न हमखास निघतो. प्रसाद घेताना व जेवताना उजवा हात वापरण्याची रीत घरोघरी आहे. शाळेने तिच्याशी वाद घालण्याचे कारण नाही. डाव्या हाताने लिहिणारी अनेक मुले उजव्या हाताने व्यवस्थित जेवतात. मात्र शालेय पोषण आहाराच्या पंगतीत डावा हात पुढे आला म्हणून कोणास चारचौघांत टोकू नये, आणि लिहिण्याचा हात त्याचाच राहू द्यावा, एवढे पालकांस स्पष्ट सांगावे. घरातील एखादे आजोबा, मामा वा आत्या डावखुरी आहे काय, हे सहज विचारावे. बहुधा कोणी तरी निघतेच, आणि बोलणे सोपे होते.

एक गोष्ट मात्र निराळी समजावी. आजवर उजव्या हाताने लिहिणारे मूल एकाएकी डावा हात वापरू लागले, अथवा एक हात जवळ धरून ठेवू लागले, तर ते डावखुरेपण नव्हे. दुखापत किंवा हातातील अशक्तपणा असू शकतो. अशा मुलास त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखविण्याविषयी पालकांस सांगावे.