गल्लीतली शेजारीण

एकट्या बाईने 'निरोध नाही, तर नाही' म्हटलं की गिऱ्हाईक शेजारच्या दारात जातं. म्हणून अख्ख्या गल्लीनेच नाही म्हणायला हवं. सांगलीत 'संग्राम' संस्थेने १९९२ पासून निरोध वाटण्याचं, समजावण्याचं काम धंद्यातल्या बायकांकडेच सोपवलं (बाहेरच्या ताईंचं कोण ऐकणार?). १९९६ मध्ये त्यांची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. २००४ मध्ये एचआयव्हीची मोफत सरकारी औषधं सुरू झाली. तरी दवाखान्यात सोबतीला, गोळ्या चुकू नयेत म्हणून मागे लागायला शेजारीणच लागते. इथे आयर्लंडमध्ये मात्र दोघींनी एका घरात धंदा केला, तरी कायद्याने तो कुंटणखाना! मग शेजारीण आणायची कुठून?