काढा म्हणजे इम्युनोथेरपी नव्हे

प्रश्न : वडिलांच्या तळपायावरचा काळा डाग मेलानोमा (त्वचेचा कर्करोग) निघाला. डॉक्टर इम्युनोथेरपी सुचवतात. त्याऐवजी प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे दिले तर चालेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही, काढ्यांवर विसंबू नका. अडचण बहुधा प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींच्या अशक्तपणाची नसते. कर्करोग त्यांच्यावरचा ‘पीडी-१’ हा ब्रेक दाबून ठेवतो. निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधं तो सोडवतात. या शोधाला २०१८चं नोबेल मिळालं आहे. मात्र या उपचाराचा गुण सगळ्यांनाच येत नाही, तळपायाच्या मेलानोमात तर तुलनेनं कमी. म्हणून शस्त्रक्रिया शक्य आहे का, हे आधी विचारा. या औषधांनी मोकळ्या झालेल्या टी-पेशी कधी आतडी, फुप्फुसं, थायरॉइडवरही उलटतात. जुलाब, धाप किंवा फार थकवा जाणवला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.