रानातला सिंह आणि डिसेंबरमधली मॅच

आजचे वाचन : १ शमुवेल १७:३१-४०
सोबत वाचा : १ शमुवेल २१:८-१५, स्तोत्र ५६



दावीद आणि गल्याथाची गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकतो. त्यामुळे हा अध्याय उघडला की मन लगेच गोफण आणि पाच गोट्यांकडे धावतं. आज थोडं आधी थांबू या. दावीद अजून शौल राजापुढे उभा आहे. राजा त्याला सांगतो की तू पोरगा आहेस आणि समोरचा माणूस लहानपणापासून लढवय्या आहे. यावर दावीद मेंढरांची गोष्ट सांगतो. कळपातलं कोकरू सिंहाने किंवा अस्वलाने पळवलं, की मी त्याच्या मागे जायचो आणि त्याच्या तोंडातून ते सोडवून आणायचो, असं तो सांगतो.

जरा त्या रानाची कल्पना करा. तिथे बघायला कोणी नव्हतं. सैन्य नव्हतं, जयघोष नव्हता. कोकरू गेलं असतं तर इशायच्या कळपात एक कमी झालं असतं, एवढंच. इस्राएलच्या कोणत्याही युद्धाच्या हिशोबात ती झुंज धरली गेली नाही. तरी राजाने विचारलं तेव्हा दावीदाकडे सांगायला तीच होती.

हिशोबात न धरलेली मॅच

अमेरिकेत कॉलेजच्या मुलींचं बास्केटबॉल फार चुरशीने खेळलं जातं. तिथे कॉलेजेसचे गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. साउथ कॅरोलायना विद्यापीठाचा संघ साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये आहे. सीझन नोव्हेंबरमध्ये सुरू होतो, पण कॉन्फरन्सच्या मॅचेस साधारण डिसेंबरच्या शेवटी सुरू होतात. त्याआधीचे निकाल राष्ट्रीय स्पर्धेसाठी संघ निवडताना विचारात घेतात, पण कॉन्फरन्सच्या गुणतक्त्यात त्यांना जागा नसते. प्रीलिमचे मार्क बोर्डाच्या निकालात येत नाहीत, काहीसं तसंच.

यात एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कॉन्फरन्समधले प्रतिस्पर्धी ठरलेले असतात. आधीच्या मॅचेस कोणाशी खेळायच्या हे मात्र बऱ्याच अंशी कोचच्या हातात असतं. सोपे संघ बोलावून विजयांचा आकडा फुगवता येतो. २०२१ मध्ये कोच डॉन स्टेली यांच्या संघाने नॉर्थ कॅरोलायना स्टेट, मेरीलँड आणि स्टॅनफर्ड अशा तगड्या संघांशी सामने घेतले. २१ डिसेंबर २०२१ ला, कॉन्फरन्स सुरू होण्याआधीच्या शेवटच्या मॅचला, कोलंबिया शहरात समोर स्टॅनफर्ड होतं. पहिल्या क्रमांकाचा संघ विरुद्ध दुसऱ्या क्रमांकाचा. स्टॅनफर्ड तेव्हाचा राष्ट्रीय विजेता होता.

साउथ कॅरोलायना एका टप्प्यावर १८ गुणांनी मागे पडलं. घरचं मैदान, घरचे प्रेक्षक, आणि १८ गुण मागे! शेवटी मॅच त्यांनीच जिंकली, ६५-६१.

दावीदाने सिंहाला बोलावलं नव्हतं, हे खरं. पण त्याच्या मागे धावायचं की नाही, हे त्याच्याच हातात होतं. एका कोकरासाठी कोण जीव धोक्यात घालतं? योहान १० मध्ये प्रभू येशू सांगतो की लांडगा दिसला की मोलकरी पळतो, कारण मेंढरं त्याची नसतात. जिथे कोणी बघत नाही, कोणी मोजत नाही, तिथेच मेंढपाळ कोण आणि मोलकरी कोण ते कळतं.

हुकलेल्या नेमाचं काय होतं?

त्या मॅचला एक जुनी जखम होती. त्याच वर्षी २ एप्रिलला राष्ट्रीय स्पर्धेच्या सेमीफायनलमध्ये साउथ कॅरोलायना याच स्टॅनफर्डकडून ६६-६५ असं एका गुणाने हरलं होतं. शेवटच्या क्षणी ॲलिया बोस्टनने टाकलेला चेंडू बास्केटमध्ये गेला नाही. तिचं रडणं टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवलं गेलं.

डिसेंबरमध्ये तिने १८ गुण केले आणि १९ रिबाऊंड घेतले. रिबाऊंड म्हणजे कोणाचा तरी नेम हुकल्यावर परत आलेला चेंडू उडी मारून ताब्यात घेणं. आधी काहीतरी हुकल्याशिवाय रिबाऊंड होतच नाही. नेम हुकला की काही जण तिथेच थांबून डोक्याला हात लावतात, काही जण पुढच्या चेंडूसाठी उडी मारतात. ज्या मुलीचा शेवटचा नेम हुकला होता, तिने त्या रात्री १९ वेळा उडी मारून चेंडू मिळवला. नीतिसूत्रे २४:१६ मध्येही हेच आहे. नीतिमान माणूस पडतो, सात वेळा पडतो, पण पुन्हा उठतो. तो पडतच नाही, असं वचन म्हणत नाही.

नऊ दिवसांनी

आता जो भाग विजयाच्या साक्षीत आपण सहसा गाळतो, तोही बघू या. ३० डिसेंबरला साउथ कॅरोलायनाची कॉन्फरन्समधली पहिली मॅच मिझुरीशी होती. मिझुरीकडे त्या दिवशी खेळायला फक्त आठ खेळाडू होत्या. मॅच ओव्हरटाईममध्ये गेली आणि साउथ कॅरोलायना ७०-६९ ने हरलं. राष्ट्रीय विजेत्यांना हरवलेला संघ नऊ दिवसांत आठ जणींच्या संघाकडून हरला. कालचा विजय आजच्या मॅचला एक गुणसुद्धा देत नाही.

दावीदाच्या बाबतीतही हेच दिसतं. १ शमुवेल २१ मध्ये तो शौलापासून पळतोय. नोब इथे याजक त्याला गल्याथाची तलवार देतो. अशी दुसरी तलवार नाही, असं दावीद म्हणतो आणि ती घेऊन निघतो. कुठे? गथला, म्हणजे गल्याथाच्याच गावी! तिथे लोक त्याला ओळखतात आणि तो इतका घाबरतो की वेड्याचं सोंग घेतो, दारांवर रेघोट्या ओढतो, दाढीवर लाळ गाळतो. याआधीच्याच प्रसंगात त्याला मिळालेली तलवार त्याच्या भीतीला आवर घालू शकली नाही.

मग शौलापुढचा दावीद आणि गथमधला दावीद यांत फरक काय? शौलापुढे त्याने सिंहाची गोष्ट सांगितली, पण तिचा शेवट परमेश्वराच्या नावाने केला. रानात ज्याने सोडवलं तोच इथेही सोडवील, असा त्याचा भरवसा होता. तिथे त्याला सोडवणारा आठवत होता. गथच्या प्रसंगात आपल्याला तलवार दिसते, भीती दिसते, पण परमेश्वराचं नाव दावीदाच्या तोंडी दिसत नाही. स्तोत्र ५६ च्या मथळ्यात याच गथचा उल्लेख आहे. त्यात तो पुन्हा मूळ जागेवर येतो. मला भीती वाटते हे कबूल करतो, आणि त्याच भीतीत देवावर टेकतो.

आपल्या साक्षीचंही असंच होतं. "मी उपास केला, मी प्रार्थना केली आणि नोकरी मिळाली." हळूहळू त्या वाक्यातला देव मागे जातो आणि हातात तलवार उरते. पुढचं संकट आलं की कळतं, ती तलवार आपल्याला धीर देत नाही.

त्या संघाचं पुढे काय झालं तेही सांगतो. ३ एप्रिल २०२२ ला त्यांनी कनेक्टिकटला ६४-४९ ने हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. सगळ्या सीझनमध्ये पराभव फक्त दोन. पण प्रत्येक विश्वासणाऱ्याच्या गोष्टीचा शेवट असा ट्रॉफीने होईल, असं वचन सांगत नाही. तो सोबत असेल, एवढं मात्र नक्की सांगतं.

तुमचे आत्ताचे दिवस कदाचित न मोजलेले असतील. आजारी आईजवळ जागून काढलेल्या रात्री, कंपनीत बेंचवर गेलेले महिने, संडे स्कूलच्या चार मुलांसाठी केलेली तयारी. याला रिझ्युमेत ओळ मिळत नाही. पण सिंह इथेच येतो, आणि सोडवणारा देवही इथेच भेटतो.

मननासाठी

१. सध्या माझ्या आयुष्यात कोणाच्या हिशोबात नसलेलं कोणतं काम देवाने माझ्यावर सोपवलं आहे? ते मी मेंढपाळासारखं करतोय की मोलकऱ्यासारखं?
२. जुन्या सुटकेची आठवण काढताना मला देव आठवतो की माझी तलवार?

प्रार्थना

हे प्रभू, जिथे कोणी बघत नाही तिथे तू बघतोस, म्हणून तुझे आभार. नेम हुकला की पुन्हा उडी मारण्याचं बळ दे. कालच्या विजयावर नाही, आज तुझ्यावर टेकायला शिकव. येशूच्या नावाने मागतो, आमेन.